जावास्क्रिप्ट बंद केल्यावर उरलेली साइट: एका डॉक्युमेंटेशनचं प्रकरण

एका मुक्त-स्रोत लायब्ररीच्या (प्रोग्राममध्ये जोडून वापरायच्या तयार कोडच्या) टीमकडे एकाच वळणाच्या तक्रारी येऊ लागल्या. लायब्ररीचं काम सरळ आहे. ईमेल पाठवणं, चित्रं लहान करणं, अहवाल बनवणं अशी वेळखाऊ कामं रांगेत ठेवायची आणि मागच्या मागे एकेक करून चालवायची. तिसरी आवृत्ती येऊन बराच काळ झाला होता. तरी लोक अडत होते ते दुसऱ्या आवृत्तीच्या गोष्टींवर, आणि तेही तिसरी आवृत्ती बसवून. ‘ओपन’ नावाचं फंक्शन सापडत नाही, असं का? ते सापडणारच नव्हतं. तिसऱ्या आवृत्तीत ते काढून त्याच्या जागी ‘कनेक्ट’ आणलं होतं. हा कोड कुठून घेतला असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: एआय मदतनीसाने लिहून दिला.

फंक्शन सापडलं नाही तर निदान प्रोग्राम थांबतो आणि चूक लगेच कळते. दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. दुसऱ्या आवृत्तीत फसलेलं काम आपोआप ५ वेळा पुन्हा चालवलं जायचं. तिसरीत हा आकडा मुद्दाम ० केला, कारण खात्यातून पैसे वळते करण्यासारखं काम नकळत दोनदा चालणं हे ते न चालण्यापेक्षा वाईट. ज्याला पुनर्प्रयत्न हवेत त्याने तसं स्पष्ट लिहावं, असं ठरलं. मदतनीस मात्र ठामपणे सांगत होते की पाच प्रयत्न होतातच, वेगळं काही लिहायला नको. लोकांनी ते मानलं, आणि त्यांची फसलेली कामं काही न बोलता गळून गेली. कुणाचे ईमेल गेले नाहीत, कुणाचे अहवाल अर्धवट राहिले.

या सगळ्यात डॉक्युमेंटेशनची, म्हणजे लायब्ररी कशी वापरायची हे सांगणाऱ्या साइटची, बाजू माझ्याकडे होती. लायब्ररीचं नाव घेत नाही. जे इथे घडलं ते आज कितीतरी साइटवर घडत असणार, आणि नावापेक्षा ते कसं घडलं हे कळणं महत्त्वाचं आहे.

चुकीच्या उत्तरांमधला सारखेपणा

टीममध्ये पहिला सूर असा होता की मदतनीसांमागचे एआय मॉडेल मनाचं रचून सांगतात, त्याला आपण काय करणार. मॉडेल रचतात हे खरंच आहे. नसलेले पर्याय, नसलेली फंक्शनं ते बेधडक लिहितात. पण रचलेलं उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं. इथे वेगवेगळ्या कंपन्यांचे मदतनीस तेच जुनं फंक्शन, तोच पाचचा आकडा आणि जवळजवळ तीच वाक्यरचना देत होते. इतकं एकमत असलं की मागे कुठेतरी एकच मजकूर असतो. तो शोधायलाही लांब जावं लागलं नाही. वेबवर शोधून उत्तर देणाऱ्या मदतनीसांनी उत्तराखाली दुवा दिला होता, आणि तो होता आमच्याच दुसऱ्या आवृत्तीच्या साइटचा. पत्ता आमचा, वाक्यं आमची, आकडाही आम्हीच कधीतरी लिहिलेला. मदतनीसाने प्रामाणिकपणे वाचून सांगितलं होतं.

मग प्रश्न बदलला. मॉडेल चुकतं का, हे बाजूला राहिलं आणि दुसऱ्या आवृत्तीचं पान त्याला सापडतं तर तिसऱ्या आवृत्तीचं का सापडत नाही, हे शोधायचं ठरलं. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वळण हेच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या हातात नव्हतं. दुसऱ्याचं पूर्णपणे होतं.

सर्व्हरने काय दिलं

जुनी साइट स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनाने बनवलेली होती. साधी एचटीएमएल पानं, दिसायला जुनाट, पण प्रत्येक पानात सगळा मजकूर जागच्या जागी. तिसऱ्या आवृत्तीसाठी नवी साइट उभी केली ती एकदा उघडली की ब्राउझरमध्येच पानं बदलणारी, झटपट, देखणी, आतला शोधही उत्तम. माणसं खूश होती. साइट वाचता येत नाही असा संशय कुणालाही येण्याचं कारण नव्हतं, कारण तपासणारा प्रत्येक जण ती ब्राउझरमध्ये उघडून तपासत होता.

आम्ही तेच पान कर्ल (ब्राउझरशिवाय पान मागवणारं साधन) वापरून मागवलं. हाती आलं ते इतकं: शीर्षकात फक्त लायब्ररीचं नाव, एक रिकामा डिव्ह (पानातला मजकुराचा कप्पा) आणि स्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालून पान भरणाऱ्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामचा, दुवा. पुनर्प्रयत्नांबद्दल, कनेक्टबद्दल, कशाबद्दलच एक अक्षर नाही. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून पान उघडलं तर पांढरा पडदा. आपल्या साइटबद्दल शंका असेल त्याने दुसरं काही करण्याआधी हे करून पाहावं. यासाठी कुठलंही साधन विकत घ्यावं लागत नाही.

गूगलचा क्रॉलर (वेबवर फिरून पानं वाचणारा प्रोग्राम) गूगलबॉट २०१९ पासून अद्ययावत क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) वापरून पानं चालवून बघतो. त्यामुळे गूगलवर नवी साइट थोडीफार तरी दिसत होती, आणि तिथेच सगळ्यांची फसगत झाली. सर्च इंजिनला दिसतंय म्हणजे सगळ्यांना दिसतंय, असा समज पक्का झाला. पण पान चालवून बघणं खर्चीक काम आहे आणि सगळे क्रॉलर ते करत नाहीत. व्हर्सेल कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ओपनएआय, अँथ्रॉपिक आणि पर्प्लेक्सिटी या एआय कंपन्यांचे क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवत नसल्याचं आढळलं होतं. काही क्रॉलर स्क्रिप्टच्या फाइली उतरवून घेत होते, पण त्या चालवत नव्हते. म्हणजे या वाचकांपुढे दोन साइट होत्या. एक जुनी, भरलेली. एक नवी, रिकामी. त्यांनी भरलेली वाचली.

खोलात गेल्यावर आणखी तीन गोष्टी सापडल्या.

संदर्भ विभागातल्या सगळ्या फंक्शनांचे पत्ते हॅशच्या (#) चिन्हानंतर सुरू होत होते. पत्त्यातला हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, तो ब्राउझरपुरताच असतो. त्यामुळे शेकडो फंक्शनांचा तो विभाग बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता होता. अशा साइटसाठी गूगलने २००९ मध्ये हॅशपुढे उद्गारचिन्ह लावायची एक तडजोड सुचवली होती. २०१५ मध्ये तीही मागे घेतली. आज त्या रस्त्याने जाण्याचं काहीच कारण उरलेलं नाही.

दुसरी गोष्ट स्टेटस कोडची, म्हणजे सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या आकड्याची. कुठलाही पत्ता मागा, अगदी मनाने रचलेला, सर्व्हर तोच रिकामा सांगाडा २०० (‘पान मिळालं’) या कोडसह परत द्यायचा. ‘पान सापडलं नाही’ हे वाक्य नंतर स्क्रिप्ट दाखवायची. माणसाला ते दिसतं. यंत्राला कळतं एवढंच की पान आहे आणि त्यात काही नाही. मोडलेले दुवे आणि चांगली पानं यांत त्याला काही फरकच उरत नाही.

तिसरी गोष्ट लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदींमध्ये, दिसली. साइटपुढे असलेल्या सीडीएनमध्ये (पानांच्या प्रती साठवून वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यात) बॉटपासून बचावाचा एक नियम चालू होता आणि काही क्रॉलरना तो थेट ४०३ (‘प्रवेश नाही’) देऊन परत पाठवत होता. तो नियम कुणी विचार करून लावलेला नव्हता, तयार पर्यायांमधला एक म्हणून राहून गेला होता. जुन्या साइटपुढे ते सीडीएनच नव्हतं. तिथे दार सताड उघडं.

कुणाला आत घ्यायचं, याचा निर्णय

इथे टीममध्ये खरी चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आपला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणात जावा का, हा रास्त प्रश्न आहे आणि ‘नको’ हेही त्याचं रास्त उत्तर आहे. पण ‘एआय बॉट’ नावाचा एकच कुणी पाहुणा नसतो. ओपनएआयने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेला जीपीटीबॉट प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो. ओएआय-सर्चबॉट शोधासाठी फिरतो. चॅटजीपीटी-यूझर येतो तो एखाद्या माणसाने प्रश्न विचारल्यावर, त्याच्या वतीने पान उघडायला. अँथ्रॉपिकचेही असेच क्लॉडबॉट, क्लॉड-सर्चबॉट आणि क्लॉड-यूझर आहेत. गूगल-एक्स्टेंडेड तर फिरणारा बॉटच नाही. मजकूर जेमिनी या गूगलच्या एआयसाठी वापरू द्यायचा की नाही हे रोबोट्स डॉट टीएक्सटी या, क्रॉलरसाठीच्या सूचनांच्या, फाइलमध्ये सांगण्यासाठी गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेलं ते एक नाव आहे. शोधातल्या स्थानाशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे प्रशिक्षणाला नकार देऊनही शोध आणि प्रत्यक्ष वाचन मोकळं ठेवता येतं. सरसकट अडवलं तर मात्र, आत्ता या क्षणी आपलं डॉक्युमेंटेशन वाचू पाहणाऱ्या माणसालाच आपण अडवतो. फक्त तो स्वतः न येता मदतनीसाला पाठवतोय. टीमने सगळ्यांना मोकळं ठेवलं. लायब्ररी मुक्त-स्रोत, डॉक्युमेंटेशनचा परवाना खुला, आणि जुनं ज्ञान मॉडेलमध्ये आधीच गेलेलं असताना नवं अडवून तोटा आमच्याच वापरकर्त्यांचा. दुसऱ्या एखाद्या प्रकल्पाचा निर्णय वेगळा असेल. तो निर्णय सीडीएनच्या तयार पर्यायाने परस्पर घेऊ नये, एवढंच.

रोबोट्स डॉट टीएक्सटीबद्दल एक गोष्ट जाता जाता. ही पद्धत मार्टिन कॉस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) म्हणून तिला औपचारिक रूप मिळालं. ती विनंती आहे, कुलूप नव्हे. आणि तिचा एक गुंता आमच्याकडेही निघाला. पहिल्या आवृत्तीची पानं शोधात येऊ नयेत म्हणून त्यांत नोइंडेक्सची खूण घातली होती, आणि वर रोबोट्स फाइलमध्ये तो सगळा विभागही अडवला होता. अडवल्यामुळे क्रॉलर पानात शिरत नव्हता, म्हणून त्याला नोइंडेक्स कधी दिसलंच नाही. बाहेरच्या दुव्यांवरून त्याला पत्ते माहीत होते, ते तो दाखवत राहिला. अडवणारी ओळ काढल्यावर ती पानं शोधातून हळूहळू गेली.

मजकूर सर्व्हरवरच तयार

मुख्य दुरुस्ती वाटली त्यापेक्षा सोपी निघाली. मूळ लेखन मार्कडाउन (साध्या खुणा वापरून मजकूर लिहिण्याची पद्धत) फाइलींमध्येच होतं. बदलायची होती ती बांधणी. साइट प्रसिद्ध होतानाच प्रत्येक पानाचं पूर्ण एचटीएमएल तयार करायचं, आणि जावास्क्रिप्ट फक्त वरच्या सोयींसाठी ठेवायची: शोध, रंगसंगती, कोड उचलण्याचं बटण. संदर्भ विभागाचे हॅशवाले पत्ते जाऊन प्रत्येक फंक्शनला स्वतःचा पत्ता मिळाला. इथे एक कटकट होती. हॅशनंतरचा भाग सर्व्हरला दिसत नसल्यामुळे जुने दुवे सर्व्हरवरून वळवता येत नाहीत. त्यासाठी जुन्या पत्त्यावर एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी लागली. ती माणसांना योग्य पानावर नेते. बाकी ठिकाणी ३०१ (‘पान दुसरीकडे हललं’) आणि खऱ्याखुऱ्या ४०४ (‘पान नाही’).

एक पर्याय असाही पुढे आला होता की साइट आहे तशी ठेवू, फक्त बॉट ओळखून त्यांना तयार पान देऊ. गूगल स्वतःच याला तात्पुरती पळवाट म्हणतं आणि टाळायला सांगतं. माझा विरोध त्याहून साध्या कारणासाठी होता. दोन वाचकांना दोन साइट दिल्या की त्यातली एक बिघडते, आणि बिघडते ती नेहमी आपण स्वतः न पाहणारी. सगळ्यांना एकच पान दिलं की बिघाड आपल्यालाही दिसतो. मंद नेटवर्कवरच्या माणसांना आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्यांना जो फायदा झाला तो वेगळाच.

आवृत्ती कुठे लिहायची

जुन्या साइटचं काय करायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. काढून टाकता येत नव्हती, कारण दुसरी आवृत्ती वापरणारे अजून आहेत आणि त्यांना त्यांचं डॉक्युमेंटेशन मिळालंच पाहिजे. कॅनॉनिकल दुव्याचा उपाय होता. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मिळून आणलेली ही सोय: सारख्या मजकुराची अनेक पानं असतील तर मुख्य कोणतं ते पानानेच सांगायचं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन हे करतं. जुन्या आवृत्तीचं पान आपला मुख्य पत्ता म्हणून चालू आवृत्तीच्या पानाकडे बोट दाखवतं. जिथे दोन्ही आवृत्त्यांत मजकूर जवळपास तोच होता तिथे आम्ही तसंच केलं. पण ओपनचं पान आणि कनेक्टचं पान यांना एकमेकांची प्रत म्हणणं खोटं ठरलं असतं. तिथे कॅनॉनिकल लावलं नाही.

त्या पानांवर खरा उपाय मजकुरातच करावा लागला. जुन्या साइटवर ‘ही जुनी आवृत्ती आहे’ अशी पिवळी पट्टी होती. ती स्क्रिप्ट नंतर चिकटवायची, त्यामुळे यंत्राच्या वाट्याला ती आलीच नव्हती. शिवाय ती एकदाच, पानाच्या माथ्यावर. मदतनीस पान वाचतो तेव्हा बऱ्याचदा त्याचे तुकडे केलेले असतात आणि प्रश्नाशी जुळणारा एखाद-दुसरा तुकडाच मॉडेलपुढे ठेवला जातो. पुनर्प्रयत्नांचा परिच्छेद पानाच्या मध्यावर होता. त्याच्या तुकड्यात ना पट्टी, ना आवृत्तीचा आकडा. ‘फसलेलं काम आपोआप ५ वेळा चालवलं जातं.’ एवढं वाक्य हाती आलं तर कोणीही ते आजचं सत्य समजेल. माणूसही समजेल.

म्हणून तीन ठिकाणी आवृत्ती शब्दांत लिहिली: पानाच्या शीर्षकात, पहिल्या वाक्यात, आणि जिथे जिथे वागणूक बदलली होती त्या परिच्छेदातच. शेवटचं काम हाताने करावं लागलं. बदलांची यादी समोर घेऊन एकेक जागा शोधली. कंटाळवाणं होतं, पण सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडला असं माझं ठाम मत आहे.

आपल्या पायावर उभा राहणारा परिच्छेद

यानंतर आवृत्तीपलीकडचं लेखनही त्याच नजरेने पाहायला लागलो. प्रत्येक मथळ्याखालचा मजकूर एकटा उचलून अनोळखी माणसाला दिला तर कळेल का? नव्या साइटवरच हा उतारा होता:

‘वर सांगितल्याप्रमाणे हे मूल्य मूळ अवस्थेत बंद असतं. चालू करायचं असल्यास ते इथेही देता येतं, पण मग तिथलं दुर्लक्षित होतं.’

पान वरून खाली वाचणाऱ्याला यात अडचण नाही. पण ‘हे मूल्य’ म्हणजे कुठलं, ‘इथे’ म्हणजे कुठे आणि ‘तिथलं’ म्हणजे कुणाचं, हे सगळं आधीच्या दोन मथळ्यांमध्ये अडकलेलं. आणि वरून खाली कोण वाचतं? माणूसही शोधातून येऊन थेट मध्यात उतरतो. उतारा असा झाला:

‘आवृत्ती ३ मध्ये पुनर्प्रयत्नांची संख्या मूळ अवस्थेत ० असते, म्हणजे फसलेलं काम पुन्हा चालवलं जात नाही. पुनर्प्रयत्नांची संख्या कनेक्ट फंक्शनला देता येते किंवा एकेका कामालाही देता येते. दोन्हीकडे दिली असल्यास कामाला दिलेली पुनर्प्रयत्नांची संख्या लागू होते.’

लांबी थोडी वाढली. ‘पुनर्प्रयत्नांची संख्या’ हे शब्द तीन वाक्यांत पुन्हा पुन्हा आले. शाळेत आपल्याला पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं आणि ललित लेखनात ते बरोबरही आहे. संदर्भासाठी लिहिलेल्या मजकुरात मात्र एका गोष्टीला दर वेळी एकाच नावाने हाक मारावी. मथळ्यांचंही तसंच. ‘इतर माहिती’, ‘लक्षात ठेवा’ असे मथळे जाऊन ‘फसलेलं काम पुन्हा चालवणं’ असे आले. लोक शोधतात त्या शब्दांत.

टॅबमधल्या कोडची गोष्ट अशीच. तीन प्रोग्रामिंग भाषांची उदाहरणं तीन टॅबमध्ये होती, आणि न उघडलेल्या टॅबमधला कोड क्लिक केल्यावरच पानात यायचा. आता तिन्ही उदाहरणं पानात असतात, टॅब फक्त दाखवण्या-लपवण्यापुरते. आणि प्रत्येक कोडच्या आधी एका वाक्यात भाषेचं नाव, कारण टॅबवरचं नाव मजकूर काढून घेताना बरेचदा हरवतं.

सगळ्यात अनपेक्षित सापडलं ते सुसंगतीच्या तक्त्यात. कुठली सोय कुठल्या डेटाबेसवर चालते हे हिरव्या-लाल खुणांनी दाखवलं होतं आणि त्या खुणा सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेतून) येणारी चित्रं होती. मजकूर काढून पाहिला तर तक्त्याचे सगळे रकाने रिकामे. एका मदतनीसाने त्यावरून ‘कुठलीच सोय कुठेच चालत नाही’ असा अर्थ काढला, दुसऱ्याने बरोबर उलटा. खुणांच्या जागी ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ असे शब्द घातले, रंग तसाच ठेवला. रंग न ओळखू शकणाऱ्या माणसांसाठी हे कधीच व्हायला हवं होतं. त्रुटीसंदेशांचे स्क्रीनशॉटही मजकुरात उतरवले. अडलेला माणूस तोच संदेश जसाच्या तसा शोधात टाकतो, आणि चित्रातली अक्षरं तिथे जुळत नाहीत.

मार्कडाउन प्रती आणि एलएलएम्स फाइल

टीममधल्या काहींना सुरुवातच इथून करायची होती. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये एलएलएम्स डॉट टीएक्सटी (एलएलएम म्हणजे मदतनीसांमागचं मोठं भाषा-मॉडेल) या फाइलचा प्रस्ताव मांडला. साइटच्या मुळाशी एक मार्कडाउन फाइल ठेवायची, तिच्यात प्रकल्पाचं नाव, थोडक्यात ओळख आणि महत्त्वाच्या पानांची वर्णनासह यादी. कल्पना चांगली आहे. पण हा प्रस्ताव आहे, सगळ्यांनी मान्य केलेलं मानक नव्हे, आणि शोधासाठी आपण ती फाइल वापरत नसल्याचं गूगलने सांगितलेलं आहे. आमच्या साइटवर ती आधी ठेवली असती तर रिकाम्या पानांची सुबक यादी तयार झाली असती. म्हणून ती शेवटी केली.

त्याहून उपयोगी ठरली ती प्रत्येक पानाची मार्कडाउन प्रत. पानाच्या पत्त्यापुढे एमडी जोडलं की तोच मजकूर मेन्यू आणि सजावटीशिवाय मिळतो. काही कोडिंग साधनं पान मागताना ॲक्सेप्ट हेडरमध्येच (काय स्वरूप चालेल हे सांगणाऱ्या नोंदीत) मार्कडाउन चालेल असं कळवतात. २०१६ च्या आरएफसी ७७६३ मुळे मार्कडाउनला स्वतःचा मीडिया प्रकार (मजकुराचं स्वरूप सांगणारं ठरलेलं नाव) आहेच. अशा साधनांना सर्व्हर त्याच पत्त्यावर मार्कडाउन देतो. तसं करताना उत्तरासोबत व्हेरी हेडर (मागणीनुसार उत्तर बदलतं असं कळवणारी नोंद) पाठवणं आवश्यक असतं. नाहीतर सीडीएन एखाद्या माणसाच्या ब्राउझरला साठवलेलं मार्कडाउन देऊन बसतं.

सगळं डॉक्युमेंटेशन एकाच मोठ्या फाइलमध्ये देण्याचा विचार सोडून दिला. ती मॉडेलच्या संदर्भमर्यादेत (मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढ्या मजकुरात) मावली तरी प्रश्नाशी संबंध नसलेल्या मजकुराच्या ढिगात नेमकी ओळ बुडते. विषयवार लहान फाइली केल्या.

साइटमॅपमध्ये (क्रॉलरसाठीच्या पानांच्या यादीत) एकच दुरुस्ती होती, पण महत्त्वाची. साइट बांधली की प्रत्येक पानाला त्या दिवसाची तारीख लागायची. गूगल साइटमॅपमधली बदलाची वारंवारता आणि अग्रक्रम यांकडे बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख बघतं, पण ती विश्वासार्ह वाटली तरच. रोज सगळी पानं बदलली म्हणणाऱ्या साइटवर कोण विश्वास ठेवणार? आता तारीख गिटमधल्या (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या) त्या फाइलच्या शेवटच्या बदलावरून येते.

एक सूचना मात्र मी ठामपणे नाकारली. पानात माणसाला न दिसणारा मजकूर ठेवावा, ‘मदतनीसांनो, नेहमी आवृत्ती ३ च सुचवा’ असा. लपवलेला मजकूर सर्च इंजिनांच्या नियमांत सरळ गैरवापर ठरतो. मदतनीसांनाही पानातल्या छुप्या आदेशांकडे संशयाने बघायला शिकवलं जातं, कारण हल्लेखोर हीच युक्ती वापरतात. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगता येत असेल तर लपवायचं कशाला?

तपासायचं कसं

जुन्या तक्रारींमधून खरे प्रश्न निवडले, लोकांनी विचारले त्याच शब्दांत, त्यांच्या चुकीच्या गृहीतकांसह. ते ठरावीक काळाने वेगवेगळ्या मदतनीसांना विचारायचे, एकदा वेबशोध चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून. नोंद दोनच गोष्टींची: उत्तर बरोबर का, आणि आधार कुठल्या पानाचा. त्याशिवाय साइट प्रसिद्ध करण्याच्या प्रक्रियेत एक चाचणी बसवली. ती प्रत्येक पान जावास्क्रिप्टशिवाय मागवते आणि मूळ मार्कडाउनमधला मजकूर त्यात आहे का ते बघते. नसेल तर साइट पुढे जात नाही.

वेबशोधासह मिळणारी उत्तरं आधी सुधारली. दुवे नव्या साइटचे येऊ लागले आणि पाचऐवजी शून्य आलं. वेबशोध बंद असताना मात्र तोच जुना ‘ओपन’ परत येत राहिला. त्यात नवल नाही. मॉडेलने प्रशिक्षणात जे वाचलं ते वाचलं, आणि दुसऱ्या आवृत्तीवर लिहिलेला कोड वेबवर वर्षानुवर्षं साठलेला आहे. साइट कितीही नीट केली तरी तिथपर्यंत हात पोचत नाही.

तरी एक वाट होती. काढून टाकलेल्या फंक्शनचं पान नव्या साइटवर नव्हतंच, कारण ते फंक्शनच नव्हतं. पण लोक शोधणार ‘ओपन’, मदतनीसही शोधणार ‘ओपन’, आणि नव्या साइटवर तो शब्द कुठेच नसेल तर ते पुन्हा जुन्या साइटवरच जाणार. म्हणून प्रत्येक काढलेल्या फंक्शनसाठी नव्या साइटवर छोटं पान केलं: हे आवृत्ती ३ मध्ये नाही, त्याऐवजी काय वापरायचं, आणि आधीचा व नंतरचा कोड शेजारी शेजारी.

दुसरा बदल साइटच्या बाहेर, लायब्ररीच्या कोडमध्ये झाला. आवृत्ती ३ मध्ये कुणी ओपन वापरलं तर आधी ‘असं फंक्शन नाही’ एवढंच यायचं. आता संदेश सांगतो की ओपन आवृत्ती ३ मध्ये काढलं आहे, कनेक्ट वापरा, आणि पुढे त्या छोट्या पानाचा पत्ता देतो. कोडिंग मदतनीस स्वतः लिहिलेला कोड चालवून बघतात तेव्हा त्यांच्यापुढे हाच संदेश येतो, त्यासाठी वेबशोध चालू असावा लागत नाही. पुनर्प्रयत्नांच्या बाबतीत हे जमलेलं नाही, कारण तिथे त्रुटी येतच नाही. कनेक्ट करताना पुनर्प्रयत्नांची संख्या दिली नसेल तर सुरुवातीलाच लॉगमध्ये एक ओळ लिहावी, असा प्रस्ताव सध्या टीमसमोर आहे. ज्यांना शून्यच हवं आहे त्यांना ती ओळ नकोशी होईल, असं काहींचं म्हणणं आहे. माझं मत ती ओळ असावी असं आहे.